कांटा खोटें कां बोलतो?

मोटार ताशीं किती मैल धांवत आहे हें आंत बसलेल्या मनुष्यास स्वतःच्या इंद्रियांनीं नीट समजत नाहीं. जड, बंद आणि मऊ बैठकीच्या गाडींत पन्नास मैलांचा वेगही संथ वाटतो. उलट उघड्या, खडखडणाऱ्या छोट्या गाडींत तीस मैलांनाच वाऱ्यानें डोळे मिटूं लागतात. मोकळ्या रस्त्यावरून तासभर भरधांव आलेला चालक गांवाच्या वेशींत शिरला म्हणजे आपली गाडी आतां जवळजवळ उभीच आहे असें त्यास वाटतें, आणि प्रत्यक्षांत ती चाळीस मैलांनीं जात असते. या भ्रमावर उतारा म्हणून चालकासमोरच्या फळीवर वेगमापकाची तबकडी बसविलेली असते. ब्रिटनमध्यें वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा १९३५ च्या मार्च महिन्यांत अमलांत आली, आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून नव्यानें रस्त्यावर येणाऱ्या मोटारींना वेगमापक असणें कायद्यानें आवश्यक ठरलें. नियम आधीं आणि तो पाळण्याचें साधन मागाहून सक्तीचें, असा तो मौजेचा क्रम होता.

पण साधनच चुकूं लागलें तर काय करावें? नव्या गाडीच्या मालकास हा प्रश्न सहसा पडत नाहीं. जुन्या गाडीच्या मालकास मात्र तो केव्हांना केव्हां तरी पडतोच. कारण साठ-सत्तर वर्षें वयाच्या मोटारींत मूळचें काय आणि दुसऱ्या गाडींतून काढून घातलेलें काय, हें पुष्कळदां कोणासच ठाऊक नसतें. उदाहरणादाखल ‘मॉरिस मायनर’ ही गाडी घेतां येईल. अॅलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेंतून उतरलेली ही इंग्रजी गाडी १९४८ सालीं लोकांपुढें आली आणि १९७१ पर्यंत निघत राहिली. आजही इंग्लंडांतील हौशी लोक ती प्रेमानें बाळगतात. गाडी दुरुस्त करण्यास सोपी, सुटे भाग एकमेकींस बसणारे, आणि म्हणून एकीचें इंजिन दुसरींत, दुसरीचा आंस तिसरींत, असा संसार वर्षानुवर्षें चालत आला आहे. या संसाराचा हिशेब जर कोणी ठेवीत नसेल, तर तो वेगमापकाचा कांटा.

वेगमापकाच्या आंत काय असतें हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८२४ मध्यें आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, तांब्याची चकती फिरविली असतां तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागें ओढली जाते. तांबें कांहीं लोहचुंबकास चिकटणारें नव्हे. मग ही ओढ कशाची? याचा उलगडा १८३१ मध्यें फॅरडे यांनीं केला. चुंबक आणि धातु एकमेकांसंबंधानें हालूं लागले कीं धातूंत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात, आणि त्या भोंवऱ्यांची चुंबकाशीं झटापट होते. १९०२ सालीं ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकानें याच तत्त्वावर चालणाऱ्या वेगमापकाचें पेटंट मागितलें, आणि पुढें शतकाच्या अखेरीपर्यंत जगांतील बहुसंख्य मोटारींतून तीच युक्ति वापरली गेली.

रचना अशी. गिअरबॉक्सच्या मागील टोंकाशीं एक लहान दांतेचाक असतें. त्यास एक लवचिक तार जोडलेली असते. ती नळींतून फिरत फिरत तबकडीच्या मागें येते आणि तेथें एका लहानशा लोहचुंबकास गरगर फिरविते. चुंबकाभोंवतीं अॅल्युमिनियमची पातळ वाटी असते, तिला तो कोठेंच शिवत नाहीं. चुंबक फिरूं लागला कीं वाटीस ओढ लागते. पण वाटीच्या दांड्यास घड्याळांतल्यासारखी केसाएवढी बारीक कमान बांधलेली असल्यामुळें ती पुरती फिरूं शकत नाहीं, कमानीचा ताण आणि चुंबकाची ओढ समसमान होतील तेथें थांबते. वेग दुप्पट तर ओढ दुप्पट, आणि वाटी दुप्पट कोनांतून वळते. त्याच दांड्यावर कांटा बसविलेला असतो. म्हणजे कांटा आणि चाकें यांच्यामध्यें एके ठिकाणीं केवळ हवेची फट आहे.

याच डब्यांत दुसरें एक यंत्र असतें, तें म्हणजे एकूण मैल मोजणाऱ्या अंकांचें. तें मात्र चुंबकावर चालत नाहीं. तार फिरली कीं दांतेचाकांच्या मालिकेनें अंक पुढें सरकतात. त्यांत ओढ नाहीं, कमान नाहीं, अंदाज नाहीं. एकाच तारेवर चालणारीं हीं दोन यंत्रें स्वभावानें अशीं भिन्न असल्यामुळें रोगाचें निदान करणें फार सोपें जातें, आणि तरीही पुष्कळ मालक हें निदान न करतांच डबा उघडून बसतात, ही नवलाची गोष्ट आहे.

पहिली कसोटी म्हणून गाडी रस्त्यावर न्यावी. सोबत एक मनुष्य असावा. कारण चालकानेंच कांटा, घड्याळ आणि रस्ता या तिहींकडे पाहणें धोक्याचें आहे. पूर्वीं यासाठीं मैलाचे दगड आणि सेकंदकांट्याचें घड्याळ वापरीत. एक मैल जाण्यास लागलेल्या सेकंदांनीं ३,६०० ला भागलें कीं ताशीं मैल निघतात. मैलास ९० सेकंद लागले तर वेग ४० मैल. भारतांत दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्यें झाला आणि त्यानंतर रस्त्यांवरचे दगड किलोमीटरांचे झाले, तेव्हां मुंबई-पुण्याकडील जुन्या गाडीच्या मालकास आणखी एक भागाकार करावा लागतो. एक किलोमीटर ५६ सेकंदांत गेला, तर वेग ताशीं ६४ किलोमीटरांहून किंचित् अधिक, त्यास १.६०९ नें भागलें कीं तोच ४० मैल. आज खिशांतला फोन उपग्रहांच्या साहाय्यानें वेग सांगतो, आणि सरळ, सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवल्यास तो या कामीं पुरेसा विश्वासू आहे. वळणावर किंवा वेग वाढत असतां मात्र तो थोडा मागें रेंगाळतो.

वीस, तीस, चाळीस आणि पन्नास अशा चार वेगांना कांटा काय दाखवितो तें लिहून घ्यावें. त्याबरोबरच मोजलेल्या लांब अंतरावर मैलांचे अंक किती सरकले तेंही टिपावें. सोळा किलोमीटरांस अंक दहा मैलांहून जेमतेम कमी, म्हणजे ९.९४ सरकले पाहिजेत. आतां दोन्ही यंत्रांच्या चुका शेजारीं शेजारीं ठेवाव्या. अंक बरोबर असून कांटा चुकत असेल, तर दोष डब्याच्या आंत, चुंबक, वाटी व कमान यांच्यापाशीं आहे. अंक आणि कांटा दोन्ही सारख्याच प्रमाणांत चुकत असतील, तर डबा निर्दोष आहे. त्यास खालून येणारी बातमीच खोटी आहे. दोन्ही चुकतात पण निरनिराळ्या प्रमाणांत, असें आढळल्यास पूर्वीं कोणी तरी खालचा दोष झांकण्यासाठीं कांट्याशीं खटपट केली असावी, असा संशय घ्यावा. बहुधा तो खरा ठरतो.

जुन्या गाड्यांत पुष्कळदां आढळतो तो दुसरा प्रकार. प्रत्येक वेगमापक ठराविक हिशेबानें तयार केलेला असतो: तार एका मैलांत अमुक वेळां फिरली म्हणजे एक मैल झाला, असें तो धरून चालतो. ‘स्मिथ्स’ या ब्रिटिश कंपनीच्या तबकड्यांवर हा आंकडा बारीक अक्षरांत छापलेला सांपडतो. अमेरिकेंत एक मैलास १,००० फेरे हा आंकडा रूढ होता, आणि तो हिशेबास सोयीचाही. ताशीं ६० मैल म्हणजे मिनिटास एक मैल, म्हणजे तार मिनिटास बरोबर हजार वेळां फिरते. ब्रिटिश गाड्यांत मात्र असें एकच माप नव्हतें. गाडीगणिक आंकडा वेगळा, आणि बाहेरून डबे मात्र जुळ्या भावांसारखे. बाजारांतून विकत आणलेली चकचकीत तबकडी जागेवर नीट बसली म्हणून ती त्या गाडीची झाली असें नव्हे.

तबकडी मूळचीच असली तरी खालचीं चाकें बदललेलीं असतात. वेगाची तार गिअरबॉक्सच्या मागील टोंकाशीं जोडलेली असते, चाकांशीं नव्हे. आणि गिअरबॉक्स व चाकें यांच्या दरम्यान मागील आंसाचीं दांतेचाकें येतात. मॉरिस मायनरच्या ८०३ सी. सी. इंजिनाच्या गाड्यांत या दांतेचाकांचें प्रमाण ५.३७५ असें होतें. म्हणजे मधला दांडा ५.३७५ वेळां फिरला कीं चाक एकदां फिरे. १९५६ पासूनच्या ९४८ सी. सी. च्या गाडींत तें ४.५५५ झालें, आणि १९६२ पासूनच्या १,०९८ सी. सी. च्या गाडींत ४.२२. लांब पल्ल्यावर इंजिनाला कमी श्रम पडावे म्हणून पुष्कळ मालक जुन्या गाडींत ४.२२ चा संच बसवितात, आणि गाडी खरोखरच शांत चालूं लागते. पण त्याच मैलांत दांडा आतां कमी वेळां फिरतो, तार कमी वेळां फिरते, आणि तबकडीला याची कांहींच खबर नसते. ४.५५५ च्या जागीं ४.२२ आला असतां कांटा शेंकडा सात-साडेसात कमी दाखवितो. खरा वेग ६० असतां तो साडेपंचावन्नाच्या आसपास उभा राहतो. ५.३७५ च्या जागीं ४.२२ आल्यास प्रकरण गंभीर होतें. कांटा ३० वर आहे असें पाहून चालक निर्धास्तपणें शाळेपुढून जात असतो, आणि गाडी खरोखर ३८ मैलांनीं धांवत असते.

कांटा अधिक दाखवितो कीं कमी, हा भेद म्हणूनच महत्त्वाचा आहे. अधिक दाखविणारा कांटा मालकाचा फार तर थोडा वेळ घेतो. कमी दाखविणारा कांटा दुसऱ्याचा जीव घेऊं शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या आजच्या नियमांतही हीच दृष्टि आहे: दाखविलेला वेग खऱ्या वेगाहून कधींही कमी असतां कामा नये, अधिक असल्यास खऱ्या वेगाच्या एकदशांशांत ताशीं ४ किलोमीटर मिळविले असतां होईल तेथपर्यंत चालेल. खरा वेग ८० किलोमीटर असतां ९२ दाखविणारा कांटा या नियमानें निर्दोष, आणि ७९ दाखविणारा सदोष. जुन्या गाड्यांना हा नियम लागू नसला, तरी मालकानें स्वतःस तो लावून घेण्यास हरकत नसावी.

कमी फिरणाऱ्या तारेचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो घरखर्चाच्या वहींत दिसतो. अंकही त्याच तारेवर चालत असल्यामुळें झालेले मैल कमी नोंदले जातात. गाडी गॅलनास ३८ मैल देत असली तरी वहींत ३५ च निघतात. मग मालकास वाटतें, आंस बदलल्यापासून गाडी पेट्रोल अधिक खाऊं लागली. तो कार्ब्युरेटर उघडतो, नळ्या बदलतो, ठिणगीची वेळ मागेंपुढें करतो, आणि चांगलें चाललेलें इंजिन बिघडवून ठेवतो. तेल बदलण्याचीं अंतरेंही अशींच नकळत लांबतात.

टायरांचा दोष याहून लहान, परंतु सार्वत्रिक आहे. टायर लहान झाला कीं तोच मैल कापण्यास चाकास अधिक फेरे घ्यावे लागतात आणि कांटा अधिक दाखवितो. टायर मोठा असेल तर उलट. नवा टायर झिजून सहा मिलिमीटर कमी झाला, तर लहान गाडीच्या चाकाची त्रिज्या शेंकडा दोननें घटते, आणि कांटा तितकाच चढतो. जुन्या पद्धतीचे टायर काढून रेडियल टायर घालतांना लोक फक्त आंतल्या चकतीचें माप जुळवितात. बाहेरचा घेर जुळतो कीं नाहीं हें पाहिलें जात नाहीं.

खालून येणारी बातमी खरी कीं खोटी हें पाहण्याची जी जुनी रीत आहे, तिला एक खडू, एक मोजपट्टी, पुठ्ठ्याचा तुकडा आणि गाडी ढकलणारे दोन मित्र एवढ्यानें भागतें. तार तबकडीच्या बाजूनें सोडवावी आणि नळीच्या तोंडांतून डोकावणाऱ्या आंतल्या तारेच्या टोंकावर पुठ्ठ्याचा लहानसा बाण खोंचावा. मागील टायरवर आणि त्याच्या खालीं जमिनीवर खडूची खूण करावी. टायरांत हवा नेहमींइतकी असावी आणि गिअर न्यूट्रलमध्यें असावा. मग मागील चाकाच्या बरोबर सहा फेऱ्या होतील इतकी गाडी सरळ ढकलावी. आंत बसलेल्यानें बाणाचे फेरे मोजावे, अपुरा राहिलेला फेराही पाव-अर्धा असा टिपावा. बाहेरच्यानें जमिनीवरचें अंतर इंचांत मोजावें. एका मैलाचे ६३,३६० इंच. त्यांस तारेच्या फेऱ्यांनीं गुणून मोजलेल्या इंचांनीं भागलें कीं एका मैलांत तार किती वेळां फिरते तें निघालें.

समजा, सहा फेऱ्यांत गाडी ४३४ इंच पुढें गेली आणि बाण सव्वादहा वेळां फिरला. उत्तर येतें सुमारें १,४९६. तबकडीवर जर १,३७६ छापलेलें असेल, तर तार तबकडीच्या अपेक्षेहून शेंकडा पावणेनऊ अधिक फिरत आहे, आणि खरा वेग ४६ असतां कांटा ५० दाखवील. रस्त्यावर घेतलेल्या टिपणाशीं हें उत्तर जुळलें तर दोष सांपडला.

ढकलण्याचे श्रम वांचविण्यासाठीं कोणी एकच मागील चाक जॅकवर उचलतो आणि हातानें सहा वेळां फिरवितो. येथें हमखास फसगत होते. एक चाक उभें असून दुसरेंच फिरत असलें म्हणजे डिफरन्शियलच्या रचनेमुळें मधला दांडा निम्म्यानेंच फिरतो. म्हणून अशा वेळीं सहाऐवजीं बारा फेऱ्या द्याव्या लागतात. हें न जाणल्यामुळें उत्तर निम्में येतें आणि गिअरबॉक्सवर नाहक आळ जातो.

दोष असा खालीं सांपडला म्हणजे उपाय दोनच सरळ आहेत. योग्य आंकड्याची तबकडी मिळवावी, किंवा तारेच्या मार्गांत दांतेचाकांची छोटी डबी बसवून फेऱ्यांचें प्रमाण बदलून घ्यावें. अशा डब्या मागणीप्रमाणें करून मिळतात. कांहीं गिअरबॉक्सांत तारेचें दांतेचाकच बदलतां येतें. तिसरा एक उपाय कारागीर सुचवितात, तो म्हणजे आंतला चुंबक कमीअधिक करून कांटा खऱ्या वेगाशीं जुळविणें. त्यानें कांटा सुधारतो, अंक खोटेच राहतात. वर सांगितलेली पेट्रोलची भानगड तशीच मागें लागते.

दोष डब्यांत असेल तर टिपलेल्या चार आंकड्यांकडे पुन्हां पाहावें. वीसला चोवीस, चाळीसला चव्वेचाळीस, पन्नासला चौपन्न, अशी प्रत्येक वेळीं चारांचीच चूक असेल, तर कांटा दांड्यावर चुकीच्या जागीं दाबून बसविला गेला आहे, याहून अधिक कांहीं नाहीं. पण वीसला बावीस आणि पन्नासला पंचावन्न, अशी चूक वेगाबरोबर वाढत असेल, तर चुंबक व कमान यांचा तोल गेला आहे. चुंबक कालमानानें दुबळा झाला तर कांटा कमी दाखवितो. कमान सैल झाली तर अधिक. चुंबकास पुन्हां बळ देणें किंवा त्याचें बळ किंचित् उतरविणें हें काम साधनें असलेल्या कारागिराचेंच आहे. कमानीस चिमटा लावण्याचा मोह घरच्या घरीं होतो, तो आवरावा; वांकलेली कमान पूर्ववत् करणें जवळजवळ अशक्य असतें.

ऊन-थंडीचाही येथें थोडा संबंध येतो. अॅल्युमिनियम तापलें कीं विजेस त्याचा विरोध वाढतो, भोंवरे मंदावतात आणि ओढ कमी होते. ही चूक भरून काढण्यासाठीं चांगल्या वेगमापकांत चुंबकाजवळ निकेल-लोखंडाच्या मिश्रणाची एक पातळ चकती ठेवलेली असते. दुरुस्तींत ती हरवली, तर डब्यांत एक सुटा तुकडा कमी झाला एवढेंच दिसतें. परिणाम पुढच्या उन्हाळ्यांत कळतो.

कांटा वेगांत नसतांही वर अडकून राहत असेल, तर बहुधा तेलाचा प्रताप असतो. तारेस सढळ हातानें घातलेलें तेल फिरत्या तारेबरोबर वर चढतें, चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या फटींत शिरतें, आणि जेथें केवळ हवा असावयाची तेथें चिकट दुवा निर्माण होतो. जुन्या दुरुस्ती-पुस्तकांत म्हणूनच बजावलेलें असतें कीं तारेस तेल घालूं नये, ग्रीजचा अगदीं पातळ हात द्यावा. आणि तार घातल्यावर वरचा आठ इंच भाग पुन्हां बाहेर ओढून तेथील जादा ग्रीज पुसून काढावें.

कांटा थरथरत असेल किंवा झोके घेत असेल, तर डब्याकडे न वळतां तारेकडेच वळावें. आंतली तार काढून सपाट टेबलावर लोळवावी. ती सरळ लोळली पाहिजे, उड्या मारतां कामा नये. मग दोन्ही टोंकें हातांत धरून तिची सैल कमान करावी आणि एक टोंक बोटांनीं हळू फिरवावें. दुसरें टोंक त्याच गतीनें फिरलें तर तार चांगली. तें अडून एकदम झटक्यानें फिरलें तर तारेस मुरड पडली आहे, ती टाकून द्यावी. नळीस सहा इंचांहून कमी त्रिज्येचें वळण कोठेंही नसावें, आणि दोन्ही टोंकांशीं पहिले दोन इंच ती सरळच जावी. अनेक गाड्यांत तबकडीमागें तार कशी तरी कोंबलेली असते, आणि तेवढी जागा मोकळी करून दिली कीं कांटा शांत होतो. महायुद्धापूर्वींच्या कांहीं ब्रिटिश गाड्यांत व मोटारसायकलींत मात्र घड्याळासारखा, ठराविक क्षणांनीं फेरे मोजणारा वेगमापक असे. त्याचा कांटा टप्प्याटप्प्यानेंच उडतो. तो त्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे. त्यावर उपचार करण्याच्या भरांत एक सुंदर यंत्र खिळखिळें होऊं शकतें.

कांटा आणि अंक दोन्ही मेलेले असतील, तर तार तुटली आहे किंवा तिचें चौकोनी टोंक झिजून गोल झालें आहे. नवी तार घालण्यापूर्वीं जुनी कां तुटली हें पाहावें. तबकडीचा दांडा बोटांनीं फिरवून पाहतां जड लागत असेल, तर नवी तारही महिन्याभरांत तुटेल.

दुरुस्ती झाल्यावर तोच रस्ता, तेच दगड आणि तेच चार वेग घेऊन पुन्हां टिपण करावें, व जुन्या टिपणाशेजारीं ठेवावें. उरलेली लहानसहान चूक एका चिठ्ठीवर लिहून तबकडीजवळ चिकटविली तरी काम भागतें. त्याच चिठ्ठीवर आंसाचें प्रमाण, टायरांचें माप आणि एका मैलास तारेचे किती फेरे होतात तो आंकडा लिहून ठेवावा. पुढच्या मालकास गाडी ढकलावी लागणार नाहीं.